चिमणीची गादी आणि आजोबांचं नाक

गादी दिवाणखान्याच्या मधोमध दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली होती आणि सगळं घर तिच्याभोवती उभं होतं. आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, हात पाठीमागे बांधले, कमरेत वाकले आणि गादीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश नाक नेलं. मग तसंच परत आणलं. त्यांचा मुलगा श्वास रोखून पाहत होता. सूनबाईच्या खांद्यावर तीन महिन्यांची चिमणी होती. ती तेवढी आजोबांकडे न बघता पंख्याकडे बघत होती.

"काय बाबा?" सूनबाईने विचारलं. "येतोय का वास?"

आजोबा सरळ झाले आणि त्यांनी डोळे मिटले. आता ते काय निकाल देणार हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आजोबांनाही माहीत नव्हतं. कारण त्यांना वास येतच नव्हता. गादीचा नाही, आणि दुसऱ्याही कशाचा नाही.

ही गोष्ट जितकी साधी, तितकीच अवघड होती. आजोबांनी एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासण्याचं काम केलं होतं. प्रत्येक घाण्याचा साबण त्यांच्या नाकाखालून जायचा आणि मगच त्याच्यावर शिक्का बसायचा. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. 'नाकसाहेब' म्हणत. फाटकातून आत शिरताना ते सायकलवरूनच सांगायचे, "तीन नंबरच्या कढईत आज लिंबाचं तेल जास्त पडलंय," आणि पडलेलं असायचं. घरातही तोच दरारा. मुलाने कॉलेजात असताना ओढलेली पहिली सिगारेट त्यांनी जिन्यावरून पकडली होती, त्यामुळे तीच शेवटचीही ठरली. असल्या नाजूक नाकाला त्रास नको म्हणून मुलगा लहान असताना त्याचे लंगोट बदलायचं काम आजींनी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. तीच सवलत आता नातीच्या बाबतीतही चालू होती.

गेल्या हिवाळ्यात आजोबांना सर्दी झाली. आठ दिवसांनी ती गेली, आणि जाताना सगळे वास बरोबर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल परत, हळूहळू. कधी ते मात्र सांगता येत नाही." आजोबांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. गवई एखाद्या दिवशी गळा बसला म्हणून सांगू शकतो. पण ज्या माणसाचं घरातलं सगळं वजन नाकावर उभं आहे, त्याने नाक गेलं म्हणून सांगितलं तर मागे उरतं काय? एक म्हातारा आणि एक वर्तमानपत्र.

शिवाय त्यांना एक युक्ती सापडली होती. वस्तू हुंगायची आणि माणूस वाचायचा. शेजारीण दुधाचं पातेलं घेऊन यायची, "बघा ना काका, नासलंय का?" आता, दूध चांगलं असताना कोणी पातेलं घेऊन जिना चढतं का? तिच्या कपाळावरच्या आठ्यांत उत्तर लिहिलेलं असायचं. आजोबा पातेल्यावर वाकायचे, एक डोळा आठ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ओतून द्या." पाच महिने ही युक्ती बिनचूक चालली.

पण गादीपुढे ती चालेना. सूनबाईने महिनाभर वाचन केलं होतं. कुठल्या फोममधून कसली वाफ निघते, कशात आग लागू नये म्हणून काय मिसळतात, कुठलं चिकटवण्याचं सोल्यूशन किती दिवस दरवळतं, सगळं तिला पाठ होतं. आणि एवढं वाचून तिने ठरवलं होतं, "शेवटी कागद काहीही म्हणू देत, बाबांनी हुंगल्याशिवाय चिमणीला कशावरही झोपवायचं नाही." आता ती आजोबांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आठी नव्हती, शंका नव्हती. नुसता विश्वास होता. आणि विश्वास काही वाचता येत नाही, त्याला अक्षरं नसतात.

नाही म्हणावं आणि खरंच वास असला तर? त्या वासावर पोर रोज चौदा तास झोपणार.

"आहे," आजोबा म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

"मला तर काहीच येत नाही," मुलगा म्हणाला.

"तुला न येणं वेगळं आणि ह्यांना न येणं वेगळं," आजी म्हणाल्या. आजोबांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या खुर्च्या जागेवर ठेवत होत्या.

गादी परत गेली.

चिमणी सध्या वेताच्या टोपलीत झोपायची. टोपली होती नवजात बाळाची आणि चिमणी आता नवजात राहिली नव्हती. टाचा काठाला टेकत. झोपेत हातपाय ताणायला गेली की टोपली करकरायची, तिची झोप मोडायची, आणि मग घरात कुणाचीच झोप शिल्लक राहायची नाही. शेजारच्या खोलीत कठड्यांची नवी लाकडी खाट तयार होती, गादीविना रिकामी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, टोपली आता बंद करा.

दुसरी गादी आली. हिच्या अभ्र्यावर हिरवी पानं छापली होती आणि पानांवर दवबिंदू. आजोबांनी हुंगली. शून्य. पण ह्या वेळी घाम पुसायच्या निमित्ताने त्यांचा हात गादीवरून फिरला आणि एका कोपऱ्यातली शिवण बोटांना कडक लागली. बाकी सगळीकडे मऊ आणि तेवढीच जागा वाळलेल्या पावासारखी.

"इथे," आजोबा म्हणाले, "काहीतरी चिकटवलंय."

हीही गादी परत गेली आणि संध्याकाळी गादीवाल्याचा फोन आला. आवाज कापत होता. "साहेब, उसवून बघितली. धागा तुटला होता तिथे आमच्या कारागिराने सोल्यूशन लावून दाबून टाकलं होतं. तळहाताएवढा डाग! तुम्हाला अभ्र्यावरून कळलं?"

"सवय आहे," आजोबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी गादीवाला स्वतः घरी आला. तो नाक बघायला आला होता. चहाचा कप हातात धरून तो आजोबांच्या नाकाकडे असा बघत बसला, जसं परदेशातून आलेलं यंत्र बघावं. "साहेब, मी वीस वर्षं गाद्या करतोय," तो म्हणाला, "पण असं नाक नाही पाहिलं. आता एक उपकार करा. आमच्या कारखान्यात या. मी दहा नमुने मांडतो. तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवाल त्याचीच गादी बाळाच्या मापाने करून देतो. आणि पुढेही सगळ्या बाळांच्या गाद्या त्याच्याच करीन."

"नाही हो, कशाला एवढं..." आजोबा म्हणाले.

"जा ना बाबा!" सूनबाई म्हणाली. "किती बाळांचं भलं होईल."

आधी एक बाळ होतं, आता गावभरची बाळं आली. झाकायला गेलं की असंच होतं. लहानपणी आपण तुटलेली पेन्सिल दप्तराच्या तळाशी लपवतो आणि मग तिच्यासाठी अख्खं दप्तर लपवावं लागतं, त्यातलाच प्रकार.

कारखाना म्हणजे एक लांब खोली होती. एका भिंतीशी शिवणयंत्रं, दुसरीशी फोमच्या थप्प्या, मधे लांबलचक फळी आणि फळीवर उशीएवढे दहा चौकोनी तुकडे. गादीवाल्याने सकाळपासून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. कामगारांना तेल, अत्तर, पावडर न लावता यायला बजावलं होतं. त्याची थोरली बहीण शिवणयंत्रांची प्रमुख होती. ती यंत्र बंद करून, हाताची घडी घालून समोर उभी राहिली. सगळीकडे शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी शांतता पसरली.

आजोबांनी पहिला तुकडा हुंगला. मग गादीवाल्याचा चेहरा वाचायला वर बघितलं. तोंड उघडं, डोळे मोठे. कोरी पाटी. बहिणीकडे बघितलं. ती आजोबांनाच वाचत होती.

नाइलाजाने आजोबांनी तुकड्यावर अंगठा दाबला. अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत आत गेला आणि खड्डा तसाच राहिला.

"हा नको."

"वास?"

"वास नंतर. आधी हे बघ. अंगठा बुडला ना? उद्या बाळ पालथं झालं आणि तोंड खाली आलं तर तेही असंच बुडेल. आपल्याला मऊ आवडतं म्हणून आपण बाळाला मऊ घेतो. बाळाला घट्ट हवं, सपाट हवं."

गादीवाल्याने खिशातून वही काढून लिहून घेतलं. आजोबांना जरा हुशारी आली. दुसऱ्याच्या कडेला त्यांना चिकट थर लागला. तिसरा दाबून सोडला की धुरळा उडत होता. चौथ्याचं प्लॅस्टिकचं आवरण बोटाला तेलकट लागलं. प्रत्येक तुकड्यावर आधी इमानाने नाक टेकवायचं, मग हात फिरवायचा, मग निकाल द्यायचा, असं करत ते आठ तुकडे पार करून गेले.

नववा तुकडा काथ्याचा होता. काथ्या रबराच्या झाडाच्या चिकात बांधून घट्ट पट्टी केलेली, वर सुती आवरण. अंगठा दाबला, बुडला नाही. उचलला, जागा लगेच वर आली. कडा सरळ, शिवण मोकळी, कुठेही सोल्यूशन नाही. आजोबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी खाली वाकून त्या तुकड्यात गालांपर्यंत नाक खुपसलं आणि भरभरून श्वास घेतला.

"अहाहा!" ते म्हणाले. "एकतीस वर्षांत इतका निर्मळ वास मी घेतला नाही."

आजोबांनी डोकं वर केलं. बहिणीने नाकाला रुमाल लावला होता. दोन कामगार खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. गादीवाला कोरी पाटी राहिला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आता बरंच काही लिहिलेलं होतं.

"साहेब," तो अगदी हळू म्हणाला, "ह्या तुकड्यावर आमचा बोका झोपतो."

"असेल. झोपू दे की."

"नुसता झोपत नाही, साहेब."

फळीखालून एक जाडजूड पिवळा बोका बाहेर आला, आजोबांनी आपली जागा बळकावल्यासारखं त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि शेपूट ताठ करून निघून गेला.

आजोबांच्या डोळ्यांपुढे साबणाचा कारखाना, सायकल, फाटक, सगळं फिरलं. आता कबूल करावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गादीवाल्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"कळलं!" तो ओरडला. "अरे, साहेब बोक्याचा वास घेतच नाहीयेत! तो वरवरचा. साहेब त्याच्या खालचा वास घेतायत, मालाचा! आपण सगळे नाक धरून बसलो आणि साहेब पार तळाला जाऊन आले! आणि दहा तुकडे पडलेत, बोका इथेच का झोपतो? जनावराला कळतं!"

कामगारांचे खांदे हलायचे थांबले. त्यांनी आजोबांकडे आदराने पाहिलं. आजोबांना तोंड मिटावं लागलं.

"बोक्याच्या शिफारशीवर मी गादी घेणार नाही," ते कसंबसं म्हणाले. "ह्या मालाचा प्रयोगशाळेतला तपासणीचा कागद असेल तो द्या. आणि गादी नव्या कोऱ्या मालाची करा. बोक्याशिवाय."

बहीण त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. तिने हळूच विचारलं, "काका, खरंच काही आलं नाही नाकात?"

"बाई, काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे नाकाला शिकवावं लागतं."

"मग मलाही शिकवा," ती म्हणाली. "आमच्याकडे सासरे दारात बूट काढतात."

चार दिवसांनी गादी आली. आणखी दोन दिवस ती उघड्या खिडकीशी उभी ठेवली. तेवढ्या वेळात आजोबांनी भिंग घेऊन तपासणीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला. गादी खाटेत बसवून चारी बाजूंना फट चाचपली. दोन बोटंसुद्धा शिरत नव्हती. सगळं ठीक होतं. फक्त आजोबा ठीक नव्हते.

"सूनबाई, हा कागद तू एकदा बघ," त्यांनी दोनदा म्हटलं.

"मी कशाला बघू? तुम्ही हुंगलंय ना!" सूनबाई दोन्ही वेळा हसून म्हणाली.

दुपारी चादर घातली गेली. मुलगा दाराशी फोटो काढायला उभा राहिला. सूनबाई चिमणीला घेऊन खाटेवर वाकली.

"थांब," आजोबा म्हणाले.

सूनबाई थांबली. "काय झालं? वास?"

"वासच. मला वास येत नाही, पोरी."

"म्हणजे गादी चांगली आहे."

"गादीचा नाही. कशाचाच नाही. हिवाळ्यापासून. कारखान्यात मी बोक्याच्या मुतात नाक घालून अहाहा म्हणालो."

मुलाच्या हातून फोटो भलत्याच क्षणी निघाला; तो अजून घरात आहे. त्यात आजोबा जमिनीकडे बघतायत आणि सूनबाईचं तोंड उघडं आहे.

"आणि पहिली गादी?" मुलाने विचारलं. "ती उगाच परत पाठवली?"

"भीतीने पाठवली."

सूनबाई चिमणीला परत खांद्यावर घेऊन खुर्चीवर बसली. तिचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "बाबा, मला सांगायचं ना. मी तुमच्या नाकावर डोळे मिटून बसले होते."

"तेच टोचत होतं. आणि दुसरंही एक सांगतो. नाक असतं तरी एकट्या नाकाने भागलं नसतं. कितीतरी वाफांना वासच नसतो. हे मला एकतीस वर्षं ठाऊक आहे. पण ते सांगितलं असतं, तर नाकसाहेबांना कोण विचारणार?"

मग सूनबाईने हात पुढे केला. "कागद द्या."

तिने कागद वाचला. शंका आली तिथे आजोबांना विचारलं, आजोबांनी समजावलं. मग तिने स्वतः गादी हुंगली. खाटेच्या कडेला स्वतःची बोटं घालून पाहिली. तळवा दाबला.

"शिवण कशी कळली होती?"

"हाताला कडक लागली."

"आणि ह्याचीच गादी करा म्हणून का सांगितलंत?"

"अंगठा बुडला नाही."

"मग बाबा," ती म्हणाली आणि आता तिला हसू आवरेना, "सगळं तर हातानेच केलंत. नाक नुसतं मिरवायला नेलं होतं."

"मला माहीत होतं," आजी दारातून म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"नाक गेल्याचं. हिवाळ्यात दूध करपलं, घरभर धूर झाला, आणि तुम्ही शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होतात. तेव्हापासून शेजारणीचं दूधही मीच जिन्यात आधी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. तुम्हाला सांगायला पाच महिने लागतील असं वाटलं नव्हतं."

सूनबाईने चिमणीला खाटेत पाठीवर ठेवलं. चिमणीने आधी एक पाय लांब केला. काठ लागला नाही. मग दुसरा केला. मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती अशी काही ताणली गेली की आणखी दोन इंच लांब दिसली. तिने एक मोठा सुस्कारा सोडला. आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी सोडलं.

मुलगा नाक धरून दोन पावलं मागे गेला. सूनबाईने तोंड फिरवलं. आजींनी खिडकी गाठली. आजोबा तेवढे खाटेवर वाकून हसत उभे होते. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिघांच्या मनात एकच गोष्ट एकाच वेळी आली.

"बाबा," मुलगा गोड आवाजात म्हणाला, "तुम्हाला वास येत नाही ना?"

त्या दिवसापासून ते काम आजोबांचं झालं. इतक्या वर्षांची सवलत एका दुपारी संपली. पहिल्या दिवशी त्यांनी लंगोट उलटा बांधला, दुसऱ्या दिवशी आपल्या सदऱ्याची बाही त्यात बांधून घेतली, आठवड्यानंतर मात्र डोळे मिटून जमायला लागलं. आणि त्यांना एक शोध लागला, जो आजींना कधीपासून ठाऊक होता: बाळ सगळ्यात जास्त हसतं, बोलतं ते ह्याच वेळी. चिमणी मोकळे पाय नाचवायची, आजोबा तिला कढया आणि साबणांच्या गोष्टी सांगायचे, ती मधूनमधून 'आगं' म्हणून पसंती द्यायची. दिवसातून सात-आठ वेळा असा दरबार भरायचा. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागलं.

दीड महिन्याने एका सकाळी आजोबा हात धुत होते. एकदम त्यांचे हात थांबले. साबण. लिंबाचं तेल, जरा कमी पडलेलं. त्यांनी तळवे नाकाशी नेले. मग टॉवेल हुंगला, भिंत हुंगली, स्वतःची बाही हुंगली. सगळं होतं! पुसट होतं, पण होतं. सगळ्यांना ओरडून सांगायला ते बाहेर धावले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला, "बाबा, चिमणीने बघा काय करून ठेवलंय! आमच्याने तर जवळ जाववत नाही. तुम्हीच या. तुमचं बरंय, तुम्हाला काही येतच नाही!"

आजोबांनी उघडलेलं तोंड मिटलं.

ते खोलीत गेले. चिमणीने त्यांना पाहिलं आणि दोन्ही पाय उंच करून ती खदखदून हसली. आजोबांनी एकतीस वर्षं कमावलेल्या, आजच सकाळी परत आलेल्या त्या नाकाने एक श्वास घेतला, आणि दुसरा घ्यायचं लांबणीवर टाकून कामाला लागले.

"अहो," आजी कोरडा लंगोट घेऊन दारात आल्या, "डोळ्यांत पाणी का तुमच्या?"

"नातीची माया," आजोबा दाबलेल्या आवाजात म्हणाले.

आजींनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग त्या आत आल्या आणि त्यांनी आजोबांच्या पाठीमागची खिडकी सताड उघडली.